धुऊन आलेला डबा

भोसरी,
७ नोव्हेंबर १९९८

पीरमहंमद चाचा,
सलाम.

हे पत्र पोचेपर्यंत माझे एक-दोन डबे तुमच्या दुकानात येऊन पडले असतील आणि तुम्ही मला शिव्या घालत असाल. चाचा, मी जुन्नरला नाही. दिवाळीची सुट्टी संपली म्हणून आईनं मढला मला गाडीत बसवलं, पिशवीत लाडू भरले, गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली. मी जुन्नरला उतरलो आणि तसाच नारायणगावला येऊन पुण्याची गाडी धरली. कॉलेजच्या सहामाहीचा निकाल तुम्हाला ठाऊक आहे. आईला ठाऊक नाही. ती गावभर सांगते की अमृत मास्तर होणार.

माझा मामेभाऊ सूरज इथं एका कंपनीत आहे. त्यानं मला लावून घेतलं. सहा महिने टेंपररी, मग परमनंट करतील. परमनंट झालो की मीच घरी जाऊन सांगीन. आत्ता सांगितलं तर ती रडत येईल आणि हाताला धरून घेऊन जाईल.

एवढं करा. रोज सकाळच्या गाडीनं डबा येतो तसा येऊ द्या. बहिरूभाऊ कंडक्टर ठेवून जातील. तुम्ही खा आणि संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं परत द्या. चाची गेल्यापासून तुम्ही स्टँडवरच्या कँटीनचा पाव खाता ते मला दिसत होतं. आईचं अन्न वाया जायला नको. आईला कळू देऊ नका, तुम्हाला माझी शपथ.

तुमचा,
अमृत


मढ,
१३ नोव्हेंबर

पीरभाऊंना अंजनाचा नमस्कार.

तुमी मला वळखत असाल. जूनमधी अमृतला कॉलेजात घालाया आले व्हते, तवा तुमच्या दुकानाच्या बाकड्यावर बसून पानी प्याले व्हते. तुमी स्टोव्हचा बर्नर साफ करत व्हता आन् म्हणाला व्हता, पोराची काळजी करू नका, डबा माझ्याकडं उतरवा. तुमच्या त्या बोलण्यावर पोराला ठेवून आले.

आता लिहायचं कारण. डब्यात तीन चिठ्ठ्या घातल्या, एकीला उत्तर न्हाई. डबा मातर चकाचक धुऊन येतोय आन् आत पुडीत साखर, एक दिवस तर फुटाणे व्हते. आमच्या अमृतला ही रीत कुनी शिकवली? तुमीच शिकवली आसंल. त्याला दोन वळी लिहाया सांगा. लई न्हाई, दोनच. बरा हाय का, जेवतो का, एवढंच. त्याचे वडील गेल्यापासून या घरात दोनच माणसं, त्यातलं एक तुमच्या गावाला.

इकडं थंडी पडली. घाटावरून सकाळचं धुकं येतंय, समोरची चिंच दिसत न्हाई. उद्या हुलग्याचे शेंगोळे करते. माझं माहेर निरगुडसर, तिकडचा हात हाय. गरम करून खाया सांगा.

अंजना


जुन्नर,
१४ नोव्हेंबर

अंजनाताई यांस, सलाम.

पत्र मिळालं. अमृत मजेत आहे. त्याचा अभ्यास फार वाढला आहे, म्हणून लिहायला सवड होत नाही. चिठ्ठ्या त्यानं वाचल्या. मी सांगतो त्याला लिहायला, पण हल्लीची मुलं कुठं ऐकतात.

डब्याचं म्हणाल तर ते मीच सांगितलं. कोणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, असं आमच्या घरात पहिल्यापासून आहे. माझी जोहराबी तर शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी देत नसे. काही नसलं तर दोन लवंगा घालायची.

शेंगोळे पोचले. दुकानात स्टोव्हला तोटा नाही, त्यामुळे मंद आचेवर गरम केले. लसणाचा वास स्टँडपर्यंत गेला. कंट्रोलरसाहेब खिडकीतून डोकावून गेले. अमृतनं रस्सा वाटी लावून प्यायला. एकच सांगतो, राग मानू नका. नाचणीची भाकरी कडेला थोडी कडक होते. दाढेला त्रास होतो. मऊ असली तर बरं.

आपला,
पीरमहंमद


मढ,
१८ नोव्हेंबर

पीरभाऊ,

वाचून नवल वाटलं. एकुणीस वर्साचं पोर, दिवाळीत माझ्यासमोर बसून ऊस सोलून खाल्ला, आन् आता त्याला भाकरी चावत न्हाई? जुन्नरच्या पान्याचा गुण आसंल. बरं, दाढा त्याच्या, आपण काय बोलणार.

आजपासून तांदळाची भाकरी धाडते, उकड काढून, फडक्यात बांधून. दोन दिवस मऊ राहती. संगं माडगं हाय. त्यात गूळ घातलाय आन् वरून तूप. माडगं गरमच प्यावं, गार झालं की त्याची खळ व्हती. खुरासणीची चटणी बारीक वाटलीय, दाढंत अडकणार न्हाई.

तुमी जोहराबीचं लिहिलं. त्या हायेत का? लिहिता आसं, की असल्या नसल्याचं कळत न्हाई. तुमचं जेवण कोण करतं?

अंजना


जुन्नर,
२० नोव्हेंबर

अंजनाताई,

जोहराबीला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी अमरीन मुंब्र्याला दिली आहे, तिला तिचा संसार. चल म्हणते, पण तिसऱ्या मजल्यावर चार माणसांत पाचवा मी काय करू? इथं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, लोकांनी गॅस घेतले, आता आठवड्याला दोन स्टोव्ह येतात आणि तेही म्हाताऱ्या माणसांचे. मी पिना मारतो, वॉशर बदलतो, आणि त्यांना घाई नसते म्हणून ते बसून राहतात. मलाही घाई नसते.

जेवणाचं विचारलंत. मला स्टोव्ह दुरुस्त करता येतो, त्यावर काही शिजवता येत नाही. जोहराबीनं कधी हात लावू दिला नाही. सकाळी चहा-पाव, संध्याकाळी कँटीनमध्ये जे असेल ते. माणूस एकटा असला की तोंडाची चव जाते, मग काय खाल्लं ते दुसऱ्या दिवशी आठवतही नाही.

हे सगळं तुम्हाला कशाला लिहिलं कोण जाणे. माडगं फार छान होतं. अमृत म्हणाला, लहानपणी आजारी पडलो की हेच मिळायचं.

पीरमहंमद


मढ,
२६ नोव्हेंबर

पीरभाऊ,

माडग्याचं अमृत तसं म्हणाला? बरं झालं सांगितलं. लहानपणी त्याला माडगं दाखवलं तरी तो अंगणात पळायचा. मोठं झाल्यावर माणसाच्या आठवणी बदलत आसतील.

चंपाषष्ठी झाली. चातुर्मासभर आमी वांग्याला हात लावत न्हाई, आता मोकळीक झाली. रोडगे केले, वांगं चुलीत भाजून भरीत केलं. देवाला दाखवलं आन् तुमच्याकडं धाडलं.

आन् एक ठरवलंय. तुमी कँटीनचं खाता ते मला बरं वाटलं न्हाई. माझ्या पोराला डबा तुमच्या दुकानात आन् दुकानवाला उपाशी, हे कुठलं वळण? आजपासून डबा मोठा. चार ताळी डबा धाडतेय, नाव घातलेला, माझ्या लग्नातला. सहा भाकरी आसतील. दोघं मिळून खा. एक बी परत येता कामा नये, अन्नाचा अपमान मला चालत न्हाई.

अंजना


जुन्नर,
१ डिसेंबर

चि. अमृत,

तुझ्या शपथेनं माझी काय अवस्था केली आहे ती ऐक. तुझी आई रोज सहा भाकऱ्या पाठवते. सहा. तू आणि मी मिळून खातो अशी तिची समजूत आहे. मी दुपारी दोन खातो, संध्याकाळी दोन ताकात बुडवून खातो, उरलेल्या दोन सकाळी तेल-कांदा घालून कुस्करून खातो, तोवर बहिरू नव्या सहा घेऊन दारात उभा. टाकवत तर नाहीत. माझा शर्ट पोटावर ताणायला लागला आहे.

हसू नकोस. मी तिला रोज खोटं लिहितो आणि ती रोज खरं अन्न पाठवते. काल वालाची उसळ होती, त्यात खोबरं भाजून घातलेलं. परवा मासवडी होती. मासवडी करायला बाईचा अर्धा दिवस जातो, एवढं मलाही कळतं. ती थापून, गुंडाळून, कापून तिनं कुणासाठी पाठवली? माझ्यासाठी नाही. वडीचा पहिला घास घेतला आणि पुढचा घेववेना.

ये आणि तिला तोंडानं सांग. नापास झालास म्हणून आई टाकून देत नाही.

तुझा,
पीरमहंमद चाचा


भोसरी,
९ डिसेंबर

चाचा,

पत्र दुपारच्या सुट्टीत वाचलं. सहा भाकऱ्यांचं वाचून हसलो आणि मग मासवडीपाशी आलो. मेसला फोडणीचं पाणी असतं, त्याला आमटी म्हणतात. खोलीत आम्ही पाच जण आहोत, पाचही पाळ्या वेगळ्या. मी येतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो. दोन-दोन दिवस कुणाशी बोलणं होत नाही. सूरजही आता दुसऱ्या शेडमध्ये गेला.

तरी येत नाही. तिच्यासमोर उभं राहायला नको वाटतं. तिनं रागावून मारलं तरी चालेल, पण ती काही बोलणार नाही, नुसती ताट वाढील.

एक मागू का? आठवड्याला एक कार्ड टाकत जा. डब्यात काय काय होतं तेवढंच लिहा. बाकी काही लिहू नका.

अमृत


जुन्नर,
२२ डिसेंबर

अंजनाताई,

डबा दोन दिवस त्याच संध्याकाळी परत आला नाही, दुसऱ्या दिवशी आला, म्हणून तुम्ही काळजीत असाल. काळजीचं कारण नाही. अमृतचे आता दिवसभर तास असतात. पुढचा महिनाभर त्याचं जेवण दिवस मावळल्यावरच होईल. त्यामुळे सहाच्या गाडीला डबा देणं जमत नाही. दुसऱ्या दिवशी देत जाईन.

आणि भाकरी कमी पाठवल्यात तरी चालेल. तीन पुष्कळ झाल्या. अभ्यासानं भूक कमी होते म्हणतात.

थंडी फार आहे. दुकानात एक स्टोव्ह नुसताच पेटवून ठेवतो आणि त्याच्याकडे बघत बसतो. गिऱ्हाईक आलं तर वाटतं मी काम करतोय.

पीरमहंमद


मढ,
२३ डिसेंबर

पीरभाऊ,

बरं झालं कळवलं. दिवसभर पोटात कण न्हाई म्हंजी सकाळचा डबा संध्याकाळपोतर शिळा व्हणार. म्हणून आजपासून सकाळच्या गाडीनं धाडत न्हाई, तीनच्या गाडीनं धाडते. साडेचार-पाचला तुमच्या हाती पडंल, ऊन-ऊन राहील. डब्याला मी गोधडीच्या तुकड्याची खोळ शिवलीय, जेवायच्या येळेपोतर काढू नका.

दिवसभराच्या मोकळ्या पोटी एकदम तिखट खाऊ नये. वरच्या ताळ्यात गव्हाची खीर हाय, आधी ती खाया सांगा. दुसऱ्यात डिंकाचे दोन लाडू, ते पहाटंसाठी. आता पहाटं उठून अभ्यास करत आसंलच. खारीक बाजारातून मागवली व्हती, चार खारका डब्यात टाकल्यात. पानी प्यायच्या आधी एक तोंडात टाकावी, घसा कोरडा पडत न्हाई.

भाकरी तीन.

अंजना


मढ,
६ जानेवारी १९९९

पीरभाऊ,

रोज डबा देतेय, रोज तुमचं बरं हाय म्हणून येतंय. आता मी एक मागते आन् त्याला न्हाई म्हणू नका.

तेराला भोगी. भोगीला आमच्यात घरचं माणूस घरी आसतं. डोक्यावरून न्हायचं, बाजरीच्या भाकरीला तीळ लावायचे, वाल, घेवडा, गाजर, घाटे, वांगी सगळ्याची मिळून एक भाजी. ती भाजी एकट्यापुरती करताच येत न्हाई, कितीबी कमी घातलं तरी पातेलं भरतं. मागल्या वर्षी आमी दोघं व्हतो. त्याच्या आधी तिघं.

अमृतला एक दिवस घरी धाडा. रात्री मुक्कामी गाडीनं यावं, सकाळी त्याच गाडीनं जावं. अभ्यास बुडत न्हाई तेवढ्यानं. मी त्याला काही विचारणार न्हाई म्हणावं. काही म्हंजी काहीच न्हाई. नुसतं जेवून जाया सांगा.

आन् येणार नसंल तर तसं सरळ लिहा, म्हंजी मी वाट बघणार न्हाई.

अंजना


जुन्नर,
११ जानेवारी

अंजनाताई,

हे पत्र लिहायला मला दोन महिने लागले.

अमृत जुन्नरला नाही. दिवाळीनंतर तो इथं आलाच नाही. भोसरीला कंपनीत आहे, सुखरूप आहे, सूरज जवळ आहे. कॉलेजात दोन विषय गेले, ते तुम्हाला तोंड वर करून सांगता येईना म्हणून गेला. पत्ता या कागदाच्या मागं लिहिला आहे. तुमचं भोगीचं पत्र आलं त्याच दिवशी मी त्याला कार्ड टाकलं की बाबा, एक दिवस ये. काल उत्तर आलं. रजा मिळत नाही, लिहितो. रजेचं खरं असेलही. मला वाटतं धीर होत नाही.

तुमचा डबा मी खात होतो. शेंगोळे मी खाल्ले, माडगं मी प्यालो, दाढ माझी दुखते. सहा भाकऱ्या मी एकट्यानं संपवल्या. हा रमजानचा महिना आहे, दिवस मावळल्यावर जेवतो तोही मीच. रोजा धरायचा आणि तुम्हाला खोटं लिहायचं, हे दोन्ही एका तोंडानं मी करत होतो.

पोराला शब्द दिला होता म्हणून गप्प बसलो, असं लिहिणार होतो. ते पहिल्या चार दिवसांपुरतं खरं आहे. त्यानंतर शब्दासाठी नाही. गाडीचा हॉर्न वाजला की मी हातातलं काम टाकून उभा राहायचो. डब्यासाठी, आणि डब्यातल्या चिठ्ठीसाठी. दोन वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं की तुमचं जेवण कोण करतं. सांगितलं तर डबा बंद होईल, एवढंच माझ्या मनात होतं. एका आईच्या तोंडचं मी खाल्लं आणि तिला फसवलं. या वयात हे माझ्या हातून व्हायला नको होतं.

डबा धुऊन पाठवला आहे. आत गूळ आहे. उद्यापासून पाठवू नका. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

पीरमहंमद


मढ,
१३ जानेवारी, भोगी

पीरभाऊ,

काल चूल पेटवली न्हाई, म्हणून डबा आला न्हाई. तुमी काय समजला आसाल ते मला कळतंय. आज हा डबा खाली ठेवून मग पत्र वाचा.

माझ्या पोरानं उभ्या जन्मात डबा धुतला न्हाई. शाळेत असल्यापासून बघते. आत खरकटं वाळलेलं, झाकण कुठं तर डबा कुठं, चमचा तर गेलाच. जूनपासून दिवाळीपोतर तुमच्या दुकानातून बी तसाच यायचा, मी बोटांनी खरवडून घासायची. दिवाळीनंतरचा पहिला डबा परत आला तो उघडला, तर आरशागत लखलखीत, आत साखरंची पुडी. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. हा माझ्या अमृतनं खाल्ला न्हाई, हे मला त्याच घडीला कळलं.

मग तुमाला ते पहिलं पत्र लिहिलं. तुमी लिहिलं, अमृत मजेत हाय, रस्सा वाटी लावून प्याला. भाऊ, ते वाचून मला जो राग आला तो सांगत न्हाई. पोरगं कुठं गेलं, जित्तं हाय का न्हाई, काही ठावं न्हाई, आन् हा मानूस मला दाढंचं सांगतोय. निरगुडसरला भावाला कार्ड टाकलं. त्याचं उत्तर येईपोतर चार दिवस माझ्या पोटात अन्न गेलं न्हाई. ते चार दिवस तुमच्या डोक्यावर हायेत, ते मी माफ करणार न्हाई.

भावानं कळवलं, सूरजसंगं भोसरीला हाय. त्याच दिवशी मी डबा बंद करणार व्हते. पण त्याच गाडीनं तुमचं जोहराबीचं पत्र आलं. वाचून वाटलं, बंद करून मी तरी काय करू? एकट्यापुरती भाकरी थापाया हात उचलत न्हाई. अमृत जुन्नरला गेला तवापासून चार महिने मी चहात शिळी भाकरी मोडून खायची, डब्यातलं उरलं तर ते. तुमाला डबा धाडायचा म्हणून चूल पेटायची. बहिरूभाऊला मी एकदा बी विचारलं न्हाई की डबा कोण खातं. विचारलं आसतं तर त्यानं सांगितलं आसतं, मग मला बंद करावा लागला आसता. तुमी भ्याला तशी मी बी भ्याले.

सहा भाकरी मातर रागानं धाडल्या. म्हटलं, बघू म्हातारा किती दिवस खोटं चावतोय. तुमी महिनाभर चावलं. रोजे लागले ते बी मला डबा उशिरा आला तवाच कळलं. आमच्या गावातबी तुमच्यातली दोन घरं हायेत. म्हणून तीनची गाडी.

अमृतचा पत्ता ठेवून घेतला. पत्र लिहिणार न्हाई. मला ठावं हाय हे त्याला कळवू नका. त्याला वाटू द्या की आई फसली. त्यानं त्याच्या तोंडानं येऊन सांगायचं, तवर त्याची आई भोळी हाय. तुमच्या पत्रात न्हाई, पर भावाकडून कळलं की डब्यात काय व्हतं ते तुमी त्याला कार्डावर लिहिता. सूरजनं सांगितलं, कार्ड वाचतो आन् घडी घालून उशाखाली ठेवतो. ते चुकवू नका. आज काय काय हाय ते सगळं लिहा. तीळ लावलेली भाकरी, मुगाची खिचडी, लोणी, आन् भाजीत बोरं बी घातलीत ती लिहा, त्याला बोरं आवडतात.

घरात दोन ताटं वाढली व्हती. एक माझं जेवून झालं. दुसरं ह्या डब्यात भरलंय.

आता एकच. तुमची ती साखर, तो गूळ, ते फुटाणे बंद करा. भांडं भरून परत देतो तो पावणा. घरचं मानूस डबा रिकामा धाडतं, आन् धूत बी न्हाई. दोन महिने मी लखलखीत डबा उघडतेय, आन् रोज मला कळतंय की माझं पोर घरी न्हाई. आता हे पुरं झालं. डबा रिकामा धाडा. खरकटा धाडा.

तुमची बहीण,
अंजना


जुन्नर,
२१ जानेवारी

अंजनाताई,

काल ईद झाली. ईदगाहवरून आलो, दुकानाचं कुलूप काढलं आणि बाकड्यावर बसलो. अमरीनचा शेजारच्या पीसीओवर फोन आला होता, मी पोचेपर्यंत बंद झाला. पण त्याआधी, बारा तारखेला, मी त्याच बाकड्यावर पाच वाजल्यापासून बसलो होतो. तीनची गाडी आली, बहिरू रिकाम्या हातानं उतरला आणि माझ्याकडे न बघता चहाला गेला. तो दिवस मला पुरेल. तुमच्या चार दिवसांची बरोबरी होणार नाही, हे माहीत आहे.

अमृतचं कार्ड आलं. एकच ओळ आहे. भोगीच्या भाजीत बोरं किती होती, असं विचारलं आहे. येण्याचं काही नाही. मी मोजली नव्हती. सात होती, असं लिहून टाकलं.

तुम्ही सांगितलं तसं करायला गेले आठ दिवस बघतो आहे. साखर घालायची थांबलो. पण डबा समोर आला की हात नळाकडे जातो. जोहराबीनं चाळीस वर्षं लावलेली सवय आहे, ऐकत नाही. रोज धुतला, आणि रोज गाडी गेल्यावर स्वतःला बोल लावला.

आज धुतला नाही. शेंगोळ्यांचा रस्सा तळाला तसाच आहे, भाकरीचा तुकडा कडेला चिकटला आहे, झाकण नीट बसत नाही. बहिरूनं वास घेऊन माझ्याकडे पाहिलं. चमचा मात्र सापडत नाही, तो मी खरंच हरवला.

त्याच पिशवीत दुसरा डबा आहे. पितळेचा, जुना, कल्हई मी स्वतः करून आणली. झाकणावर जोहराबीचं नाव घातलेलं आहे. आत शीरखुर्मा आहे. शेजारच्या बाईंना विचारून विचारून मी केला. स्टोव्ह माझा, हात माझा, खाली थोडा लागला आहे. दोन वर्षं त्या डब्यात काही पडलं नव्हतं.

तो परत पाठवाल तेव्हा रिकामा पाठवा. धुऊ नका.

तुमचा भाऊ,
पीरमहंमद